नेटवर्किंगचे प्रमाणपत्र मिळाले. नोकरीचे नेटवर्क कुठे आहे?

उत्तर नागपुरातल्या आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाने सीसीएनए परीक्षा पास केली. त्याची आई घरकाम करते. परीक्षेची फी तिने बचत गटातून कर्ज काढून भरली होती. निकालाच्या दिवशी अभ्यासिकेत पेढे वाटले गेले. आज त्याला सात महिने झाले. दीडशेच्या वर अर्ज गेले, तीन मुलाखती झाल्या, नोकरी नाही. परवा त्याने विचारले, "ताई, परीक्षा तर मी खरोखर पास झालो. मग लोक साधे उत्तरसुद्धा का देत नाहीत?"

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. तलाठी, रेल्वे, बँक अशा भरतीची वाट पाहून थकलेली आपली अनेक मुले-मुली आता आयटीकडे वळत आहेत. इंजिनियरिंगची पदवी नसली तरी नेटवर्किंगच्या प्रमाणपत्रावर आत शिरता येते, असे क्लासवाले सांगतात. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे कोणी सांगत नाही, आणि आपली मुले तिथेच अडकतात.

प्रमाणपत्राची खरी किंमत

सीसीएनए हे सिस्को कंपनीचे सुरुवातीच्या पातळीचे प्रमाणपत्र आहे. फेब्रुवारी २०२० पासून त्यासाठी २००-३०१ क्रमांकाची एकच, १२० मिनिटांची परीक्षा असते. बसण्यासाठी पदवीची अट नाही. फी ३०० डॉलर, म्हणजे कर धरून सुमारे तीस हजार रुपये. क्लासची फी वेगळी. प्रमाणपत्राची मुदत फक्त ३ वर्षे असते. म्हणजे आमच्या या मुलाने रिकाम्या हाताने काढलेल्या सात महिन्यांत त्या मुदतीचा जवळजवळ पाचवा हिस्सा संपला. आईच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच आहेत.

हे प्रमाणपत्र एवढेच सांगते की उमेदवाराला आयपी अ‍ॅड्रेस, सबनेटिंग, स्विच, राउटर आणि सुरक्षेचे मूलभूत ज्ञान आहे. चालू नेटवर्क मध्यरात्री बंद पडले तर हा काय करेल, हे ते सांगत नाही. कंपनीला नेमके तेच जाणून घ्यायचे असते.

बाजार कुठे आकसतोय, कुठे वाढतोय

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपले सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले. या कपातीचा रोख मुख्यतः मधल्या आणि वरच्या पदांवर होता. तरी त्याची झळ खालपर्यंत येते, कारण अनुभवी माणसे बाजारात आली की नवख्याचा अर्ज आणखी मागे पडतो. दुसरीकडे, पडद्यावर अलार्म पाहून तिकीट नोंदवण्याचे पहिल्या पायरीचे काम हळूहळू सॉफ्टवेअरकडे जात आहे. खुद्द सीसीएनएच्या अभ्यासक्रमात ऑटोमेशनला १० टक्के भार आहे. त्यामुळे थोडे पायथन शिकणे आता ऐच्छिक राहिलेले नाही.

पण केबल स्वतःहून जोडली जात नाही आणि बिघडलेला स्विच स्वतःहून बदलला जात नाही. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर उभी आहेत. दवाखाने, महाविद्यालये, बँकांच्या शाखा, गावोगावचे ब्रॉडबँडवाले, सगळ्यांना नेटवर्क सांभाळणारी माणसे लागतात. मात्र या नोकऱ्यांवर "नेटवर्क इंजिनियर" अशी पाटी क्वचितच असते. डेस्कटॉप सपोर्ट, फील्ड इंजिनियर, एनओसीमधील एल-१, डेटा सेंटर टेक्निशियन अशी त्यांची नावे असतात. त्यातल्या बऱ्याच नोकऱ्या कंत्राटदारामार्फत मिळतात, पगार कमी असतो, रात्रपाळी असते, फील्डच्या कामाला दुचाकी आणि लायसन्स लागते. आपली मुले हे शब्द शोधतच नाहीत. मुलींच्या घरी तर रात्रपाळी म्हटले की विषय संपतो. अशा वेळी कंपनीची ने-आण करणारी गाडी आहे का, हे विचारून घरच्यांशी बोलायला कोणीतरी मोठे माणूस सोबत जावे लागते.

दार कोण उघडते

आता मूळ प्रश्न. दीडशे अर्जांना उत्तर का नाही? आयटीतली पहिली नोकरी बहुधा ओळखीतून मिळते. आत काम करणाऱ्याने नाव सुचवले की अर्ज थेट भरती करणाऱ्याच्या टेबलावर जातो. ज्याचा काका, मामा किंवा शेजारी कंपनीत आहे, त्याला हे आपोआप मिळते. घरात पहिलाच पदवीधर असलेल्या मुलाने कोणाला विचारायचे?

शिवाय राज्यघटनेच्या कलम १६(४) मधील आरक्षणाची तरतूद शासकीय सेवेपुरती आहे, खासगी कंपन्यांना ती लागू नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून पाहिले. २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त आलेल्या या अभ्यासात, दलित नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावापेक्षा कमी आढळली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की, गुणवत्तेचा आग्रह धरणारे अधिकारीही उमेदवाराच्या 'कौटुंबिक पार्श्वभूमी'ला महत्त्व देतात. "वडील काय करतात?" या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाने आपला मुलगा गडबडतो, आणि तो आत्मविश्वासात कमी आहे असा शेरा बसतो.

म्हणून "तू आणखी मेहनत कर" एवढे सांगून चालणार नाही. मेहनत हवीच, पण ती योग्य जागी हवी.

मुलांनी काय करावे

सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचे पॅकेट ट्रेसर मोफत मिळते. त्यावर रोज एक बिघाड मुद्दाम तयार करून तो दुरुस्त करावा आणि लक्षण, कारण, उपाय वहीत लिहावेत. मुलाखतीत विचारतात: "संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी आला आहे, काय समजाल?" संगणकाला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेला नाही, हे उत्तर पुस्तकात आहे. पण पुढे केबल, पोर्ट, व्हीलॅन, सर्व्हर हे कोणत्या क्रमाने तपासाल, ते सरावानेच येते. चोरलेल्या प्रश्नसंचावर, म्हणजे 'डम्प'वर, पास झालेला उमेदवार इथेच उघडा पडतो. ते नियमबाह्यही आहे. उघड झाले तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते.

पहिली सहा-आठ महिन्यांची नोकरी छोटी असली तरी घ्यावी, पण अनुभवाचे पत्र मिळणार आहे ना, हे आधी पाहावे. आणि नोकरी देण्यासाठी 'डिपॉझिट' मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणणाऱ्या क्लासकडून ती हमी लेखी मागावी. बहुतेक जण तिथेच गप्प होतात.

समाजाने काय करावे

आपल्यातले अनेक जण आज हिंजवडीत, बंगळुरूत, परदेशात आयटीत स्थिर आहेत. १४ एप्रिलला वर्गणी देण्यात ते मागे नसतात. आता महिन्याचा एक तासही द्या. एका मुलाची सराव मुलाखत घ्या, त्याचा बायोडेटा दुरुस्त करा, योग्य वाटला तर कंपनीत त्याचे नाव सुचवा. विहारांच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांशेजारी दोन जुने स्विच आणि एक राउटर ठेवता येईल. पुण्यात नोकरी लागलेल्या मुलाला पहिल्या पगारापर्यंत एक महिना राहायला जागा देता येईल. अनामत रकमेअभावी हातची नोकरी सोडलेली मुले मी पाहिली आहेत.

गेल्या रविवारी अभ्यासिकेचा एक जुना विद्यार्थी पुण्याहून या मुलाशी फोनवर तासभर बोलला. त्याने १६९.२५४ चाच प्रश्न विचारला. मुलगा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा नीट बोलला. पुढच्या आठवड्यात त्याची चौथी मुलाखत आहे. निकाल काय लागेल माहीत नाही. पण सात महिन्यांत पहिल्यांदाच, त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या माणसाने त्याच्याशी नाव घेऊन बोलणे केले. असा एक तास दुसऱ्या कोणासाठी तुम्ही देऊ शकत असाल, तर जवळच्या अभ्यासिकेत या रविवारी जाऊन तेवढे सांगून या.