वाहनांच्या पुस्तकात माणूस शोधा

शाळांना सुट्ट्या लागल्या की पुस्तकांची प्रदर्शने भरतात आणि लहान मुले आई-वडिलांचा हात ओढत एका ठरावीक टेबलाकडे जातात. तिथे रेल्वे, ट्रॅक्टर, विमान, जहाज, आगीचा बंब यांची मोठमोठी चित्रे असलेली पुस्तके मांडलेली असतात. मूल एक पुस्तक छातीशी धरते आणि अम्मी म्हणते, "अरे, यात वाचायला काय आहे? गोष्टीचे घे." या महिन्यात आम्ही त्या मुलाची बाजू मांडणार आहोत. सोबत, असे पुस्तक घेताना पालकांनी काय पाहावे हेही सांगणार आहोत.

वर्गात काही मुले अशी असतात की गोष्टीचे पुस्तक हाती दिले तर दुसऱ्या पानावर जांभई देतात. त्याच मुलाला ट्रकच्या इंजिनाची आकृती दाखवा, तो चित्राखालची बारीक अक्षरेसुद्धा वाचून काढतो. त्याला माहिती हवी असते, आणि माहिती वाचणे हेही वाचनच आहे. आकृती, नकाशा, तक्ता, सन यांतून अर्थ काढण्याची सवय पुढे विज्ञानात आणि भूगोलात कामी येते. म्हणून वाहनांचे पुस्तक मागणाऱ्या मुलाला अडवू नका. तो वाचनाच्या दारातच उभा आहे.

दुसरे कारण आपल्या घरांचे आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरे चाकावर चालतात. कुणाचे गॅरेज आहे, कुणाचे पंक्चरचे दुकान, कुणी ट्रक चालवतो, कुणी रिक्षा, कुणी गाड्यांच्या सीटा शिवतो. अशा घरातल्या मुलाच्या मनात हळूहळू बसते की पुस्तक वेगळे आणि अब्बूंचे काम वेगळे. सातवी-आठवीत त्याचे मन वर्गातून उठते आणि पुढे तोही शाळेतून उठतो. अब्बूही म्हणतात, "आम्हाला कुठे अभ्यासातले कळते? तुझ्या सरांना विचार." पण त्यांच्यासमोर गिअरबॉक्सची आकृती उघडली की चित्र पालटते. क्लच दाबल्यावर आत काय होते, हे आम्ही अर्धा तास फळ्यावर समजावतो; गॅरेजवाले अब्बू दोन मिनिटांत हाताने दाखवतात. बापाचा हुनर आणि शाळेचा इल्म एका पानावर भेटतात, तेव्हा मुलाला दोन्हींची किंमत कळते. हे काम इतर कोणत्याही पुस्तकापेक्षा वाहनांचे पुस्तक चांगले करते.

आता पुस्तकांकडे वळू. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पुस्तकांत लंडनची दुमजली लाल बस असते, आपली लालपरी नसते. परदेशी मालगाडी असते, उसाने भरलेली ट्रॉली आणि टायरची बैलगाडी नसते. आमच्या राहात्याच्या मुलाला तर पुस्तकाआधी रस्ताच सगळे दाखवतो. नगर-मनमाड रस्ता गावातून जातो. गळिताच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर एकामागून एक जातात. तालुक्यातले पुणतांबा दौंड-मनमाड लोहमार्गावर आहे. तिथून निघालेल्या फाट्यावर २००९ साली शिर्डीचे स्टेशन सुरू झाले. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये काकडीला विमान उतरू लागले. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता. बैलापासून विमानापर्यंत सगळे एका तालुक्याच्या आसपास. सूरह नहलमध्ये सवारीसाठी घोडे, खेचरे आणि गाढवे यांचा उल्लेख आल्यावर, तुम्हाला ठाऊक नाही असेही अल्लाह निर्माण करतो, असे सांगितले आहे. आमच्या रस्त्याकडेला उभे राहिले की त्या आयतीची आठवण होते.

इतिहासाचेही तसेच. आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, वाहनांच्या इतिहासात मागे नाही. राहात्याच्या शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना जमिनीत ब्राँझच्या चार ओतीव वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि चौथा दोन बैलांचा रथ. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा आहे. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत चर्चा आहे, पण अनेक जण तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातला मानतात. या रथाची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. कारागिराने नुसती चाके आणि बैल घडवून काम संपवले नाही. रथात हाकणारा माणूसही उभा केला.

आजच्या पुस्तकांत हाच माणूस हरवलेला असतो. वेग असतो, वजन असते, चाकांची संख्या असते. गाडी कुणी बांधली, कुणी चालवली, तिच्यात कोण बसले आणि तिच्यामुळे कुणाचे आयुष्य बदलले, याचा पत्ता नसतो. मग मुलाला वाटते की गाड्या कारखान्यातून आपोआप येतात.

एसटीचेच पाहा. १ जून १९४८ रोजी आपल्या राज्यातली पहिली एसटी धावली, ती नगरहून पुण्याला. गाडी बेडफर्डची, ३० आसनांची. चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, एसटीची पहिली विजेवरची 'शिवाई' बस याच पुणे-नगर मार्गावर सुरू झाली. नगर जिल्ह्यातल्या मुलाला लंडनच्या बसचा रंग माहीत असावा आणि ही दोन नावे माहीत नसावीत, याला काय म्हणावे?

रेल्वेची गोष्टही तशीच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. १४ डबे, ३ इंजिने, सुमारे ४०० पाहुणे आणि ३४ किलोमीटरचा प्रवास. हे बहुतेक पुस्तकांत असते. त्यानंतरचा बोरघाट मात्र क्वचित असतो. खंडाळ्याचा हा घाट फोडायला १८५६ मध्ये सुरुवात झाली आणि १८६३ मध्ये त्यावरून गाडी गेली. १८६१ साली तिथल्या मजुरांची संख्या ४० हजारांच्या वर होती. पटकी, ताप आणि अपघातांत हजारो मजूर गेले. त्यांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत. या कामाचे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारले, तेव्हा त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका सोडला नाही. माणसे नेमून काम पुढे चालवले. आज आपण पुण्याहून मुंबईला जाताना बोगदे मोजतो. ते बोगदे कुणी खोदले, हे मुलाला सांगणारे पुस्तक हवे.

इथे मुलींचाही विषय येतो. वाहनांचे पुस्तक मुलाला आणि बाहुलीचे मुलीला, ही वाटणी अजून अनेक घरांत आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वे इंजिन चालवण्याच्या कामात पाऊल टाकले आणि १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी नेली. मुंबईच्या मुमताज काझी १९९१ पासून रेल्वेत गाडी चालवत आल्या. त्यांचे वडील रेल्वेतच होते. आधी त्यांचा या नोकरीला विरोध होता, नंतर त्यांनी होकार दिला. २०१७ मध्ये मुमताज यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला. त्या मुंबई ते ठाणे लोकल चालवत, म्हणजे जिथे १८५३ साली पहिली गाडी धावली त्याच मार्गावर. आपल्या मुलींना हे नाव ठाऊक हवे.

मराठीत अशी पुस्तके होतच नाहीत, असे काही जण म्हणतात. पहिली रेल्वे धावल्याच्या पुढच्याच वर्षी, १८५४ साली, कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे 'लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन' हे मराठी पुस्तक निघाले. नवी गोष्ट आली की ती आपल्या भाषेत समजावून सांगायची, ही मराठीची जुनी रीत आहे. ती मुलांच्या पुस्तकांत चालू ठेवायला मागणी लागते, आणि मागणी पालकच करू शकतात.

पुस्तक हातात घेतल्यावर चार गोष्टी तपासा. पहिली, छपाईचे साल पाहा. "जगातील सर्वात वेगवान", "देशातील सर्वात लांब" ही वाक्ये लवकर जुनी होतात. जुने पुस्तक टाकून देऊ नका. मुलाला पेन्सिलीने नवी माहिती समासात लिहू द्या. दुसरी, सन, अंतर आणि ठिकाण दिले आहे का? "फार पूर्वी" असे लिहिणारे पुस्तक परत ठेवा. तिसरी, "का" या प्रश्नाला उत्तर आहे का? मुंबईहून आपल्याकडे येणाऱ्या साध्या गाडीला कसारा घाट चढताना मागून जादा इंजिने लावतात. वंदे भारतला ती लावावी लागत नाहीत, कारण तिची सगळी ताकद एका इंजिनात नसते. अनेक डब्यांखाली मोटारी असतात. असे एक उत्तर दहा चित्रांना भारी आहे. चौथी, पुस्तकात माणूस दिसतो का?

पैशाची अडचण असेल तर मार्ग आहेत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी आणि उर्दू, दोन्ही भाषांत मुलांची पुस्तके मोफत आहेत. ज्या घरात अम्मी उर्दू वाचते आणि मूल मराठी, तिथे एकच पुस्तक दोन्ही लिपींत मिळाले तर दोघे शेजारी बसून वाचू शकतात.

तरीही एक पुस्तक कुठेच विकत मिळणार नाही. ते घरीच लिहावे लागेल. दमास्कस ते मदीना ही हिजाज रेल्वे १९०० मध्ये सुरू होऊन १९०८ मध्ये मदीनेला पोहोचली. सुमारे १,३०० किलोमीटरच्या या मार्गासाठी जगभरच्या मुसलमानांनी वर्गणी दिली, त्यात हिंदुस्थानातलेही होते. उंटांच्या काफिल्याचा सुमारे ४० दिवसांचा प्रवास काही दिवसांवर आला. पहिल्या महायुद्धात हा मार्ग उद्ध्वस्त झाला. पण त्याचा इतिहास निदान ग्रंथांत नोंदलेला आहे. आपल्या घरातला इतिहास मात्र कुठे आहे? मुंबई ते जेद्दा जहाजाने हजला जाणे १९९५ साली बंद झाले. त्याला ३० वर्षे होऊन गेली. जहाजाने हज केलेले आपले नाना-नानी, दादा-दादी आता थकले आहेत, पुष्कळ जण अल्लाहकडे गेले. गावातून मुंबईपर्यंत कसे गेले, मुसाफिरखान्यात किती दिवस काढले, जहाजात स्वयंपाक आणि नमाज कुठे होई, समुद्र लागल्यावर एकमेकांची सेवा कुणी केली, हे त्यांनाच ठाऊक आहे. त्यांच्याबरोबर ते जाईल. तसेच बैलगाडीने बाजाराला जाणारे, एसटीच्या टपावर कोंबड्यांची डालगी चढवणारे, रात्रभर ट्रकवर क्लीनर म्हणून जागणारे.

म्हणून या महिन्याचे काम असे. एक शंभर पानी वही आणा. मुलाला किंवा मुलीला घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसवा आणि पाच प्रश्न विचारायला लावा: कुठून कुठे गेलात? कोणत्या सालात? कशाने गेलात आणि किती दिवस लागले? सोबत कोण होते? वाटेत काय खाल्ले? दादी दखनीत बोलेल, मूल मराठीत लिहील, चालेल. साल आठवत नसेल तर "अमक्याच्या लग्नाच्या वर्षी" असे लिहा आणि नंतर हिशोब लावा. शेजारच्या पानावर त्या वाहनाचे चित्र काढू द्या. अब्बूंनी चाक आणि इंजिन बरोबर काढले आहे की नाही, ते तपासावे. चित्रात हाकणारा किंवा बसणारा माणूस असायलाच हवा, ही एकच अट. वही पूर्ण झाली की पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे आणि लिहिणाऱ्याचे नाव घाला आणि ती विकत आणलेल्या पुस्तकांच्या रांगेत ठेवा.