ब्रूसचा गुन्हा बार्बरने लपवला नाही

स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस म्हटले की आपल्याला गुहेतला कोळी आठवतो. तो पडतो, पुन्हा चढतो आणि हरलेला राजा त्याच्याकडून चिकाटी शिकतो. ही गोष्ट घरोघरी पोचवली वॉल्टर स्कॉटने, १८२८ साली, म्हणजे ब्रूसला जाऊन जवळजवळ पाचशे वर्षे झाल्यावर. जॉन बार्बरने १३७५च्या सुमारास स्कॉट्स भाषेत रचलेल्या ‘द ब्रूस’ या दीर्घकाव्यात कोळी कुठेच नाही. तिथे एक खून आहे.

१० फेब्रुवारी १३०६ रोजी डम्फ्रीसच्या चर्चमध्ये ब्रूसने आपला प्रतिस्पर्धी जॉन कॉमिन याच्यावर खंजीर चालवला. सहा आठवड्यांत तो स्कोनला राजा झाला, जूनमध्ये मेथव्हेनला इंग्रजांकडून त्याचा धुव्वा उडाला. पुढे त्याच्या तीन भावांना इंग्रजांनी देहदंड दिला आणि राणी आठ वर्षे त्यांच्या कैदेत राहिली.

पूर्वपक्ष असा, की बार्बर हा दरबारचा भाट. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? काव्य लिहिले तेव्हा गादीवर ब्रूसचाच नातू होता आणि बार्बरला त्याच्याकडून वर्षासनही मिळाले. ब्रूसचे त्याच नावाचे आजोबा आणि राजा ब्रूस यांची बार्बरने एकच व्यक्ती करून टाकली. राजा होण्याआधी, १३०२ साली, ब्रूसने इंग्लंडचा राजा एडवर्ड याच्यापुढे मान तुकवली होती, ते तर सोयीस्करपणे गाळले. इंग्रजांविरुद्ध आधी लढलेल्या वॉलेसचे नावसुद्धा घेतले नाही!

एवढे गाळणाऱ्याला खून सौम्य करून सांगणे काय जड होते? कॉमिनने दगा दिला होता, हे कारण तो देतो. पण तिथे थांबत नाही. वेदीचा आसरा न मानता ब्रूसने अपराध केला, म्हणूनच त्याच्यावर एवढी संकटे कोसळली, असे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. इतका गांजलेला माणूस आपण कुठल्या रोमान्समध्ये, म्हणजे वीरकथेत, ऐकला नाही, अशी पुस्तीही जोडतो. अ‍ॅबरडीनच्या या धर्माधिकाऱ्याने आपल्या नायकाला आधी दोषी ठरवले आणि मग त्याचा पराक्रम गायला.

दुसरा आक्षेप आधुनिकांचा. मध्ययुगीन नायक म्हणजे चिलखत घातलेला ठोकळा, त्याला मन दिले ते आमच्या कादंबरीने, असे ते मानतात. हल्लीच्या हायलँडर-कादंबऱ्यांतला जखमी योद्धा बहुधा नायिकेच्या प्रेमाने शेवटच्या प्रकरणात बरा होतो. मनाची एवढीच ओळख असेल तर बार्बर खरोखरच मागासलेला. तो मन उकलून दाखवत नाही, माणूस काय करतो ते दाखवतो. मेथव्हेननंतर पळून जाताना ब्रूसला लोमंड सरोवरापाशी एकच लहानशी नाव मिळते, एका खेपेला तिघे पार होतात. उरलेल्यांचा धीर सुटू नये म्हणून हरलेला राजा त्यांना फिएराब्रासचा रोमान्स वाचून दाखवतो. आयर्लंडात माघार घेताना एका धोबिणीला प्रसूतीच्या कळा येतात, तर तो अख्खे सैन्य थांबवतो आणि तिच्यासाठी तंबू ठोकायला लावतो. बॅनकबर्नच्या लढाईत त्याने झुंजीत इंग्रज योद्धा हेन्री डी बोहनचे डोके फोडल्यावर त्याचे सरदार रागावतात, एवढा धोका का पत्करलास म्हणून. हा फक्त कुऱ्हाडीचा चांगला दांडा मोडला म्हणून हळहळतो. अंगात धग, विनोद आणि बेपर्वाई असलेला हा माणूस ठोकळा कसा? १९९५च्या ‘ब्रेव्हहार्ट’ चित्रपटाने मात्र ब्रूसचे मन दाखवण्यासाठी फॉल्कर्कच्या लढाईत त्याला वॉलेसविरुद्ध उभे केले. त्याला पुरावा नाही, आणि गरजही नव्हती. खरा डाग चर्चमध्ये लागलेलाच होता.

तो डाग विजयाने पुसला जात नाही. १३१४ला बॅनकबर्न जिंकले, १३२८ला इंग्लंडने तहात स्कॉटलंडचे स्वातंत्र्य मानले. पुढच्याच वर्षी मरणपंथाला लागलेला राजा सरदारांना सांगतो, की माझ्यामुळे पुष्कळ रक्त सांडले, निरपराध माणसे मेली, तेव्हा हे दुखणे मी त्याची भरपाई समजून सोसतो. आपले हृदय धर्मयुद्धावर न्यावे, असेही तो मागतो, आणि जेम्स डग्लस ते घेऊन निघतो. नातवाच्या वर्षासनावर जगणाऱ्या कवीने आजोबांच्या तोंडी हा कबुलीजबाब का घातला, याचे उत्तर ‘भाट’ म्हणणाऱ्यांनी आधी द्यावे.