लष्करी अळीच्या पेशीत घडणारं माणसाचं प्रथिन

मक्याच्या पोंग्यात शिरून पीक फस्त करणारी अमेरिकन लष्करी अळी २०१८ पासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या चांगल्याच ओळखीची झाली आहे. याच किडीच्या कोषातल्या अंडाशयापासून मिळवलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळा कित्येक वर्षं वाढवत आल्या आहेत आणि त्यांच्याकडून चक्क माणसाची प्रथिनं बनवून घेत आहेत. एसएफ-९ हे त्या पेशींचं नाव. कीटकांना लागण करणाऱ्या एका विषाणूत माणसाचं जनुक बसवायचं, तो या पेशींत सोडायचा, दोन-तीन दिवस थांबायचं. मग पेशी फोडून हवं ते प्रथिन वेगळं काढायचं, शुद्ध करायचं आणि उणे ८० अंशांवर गोठवून ठेवायचं.

यूएलके-१ नावाचं मानवी कायनेज असंच बनतं. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून त्यांना कामाला लावणारं किंवा थांबवणारं एन्झाइम. माणसाच्या जनुकसंचात अशी पाचशेहून जास्त कायनेजं आहेत. त्यातलं यूएलके-१ पेशीच्या आतली साफसफाई, म्हणजे ऑटोफॅजी, सुरू करतं. पोषण भरपूर असलं की एमटॉर हे दुसरं कायनेज त्याला दाबून ठेवतं; ऊर्जा आटली की एएमपीके हे तिसरं कायनेज त्याला जागं करतं. त्यानंतर पेशी आपलेच जुने, बिघडलेले भाग दुहेरी पटलात गुंडाळते, पचवते आणि त्यातला माल पुन्हा वापरते.

जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं ते या यंत्रणेची जनुकं उलगडल्याबद्दल. त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवर होते. तरी त्या नोबेलचा हवाला देऊन ‘एवढे तास उपाशी राहा, कर्करोग पळेल’ असे संदेश मोबाइलवर फिरत राहतात, याची काळजी वाटायला हवी. कारण ऑटोफॅजी कर्करोगात दोन्ही बाजूंनी काम करते. सुरुवातीला ती पेशीला बिघडण्यापासून वाचवते. गाठ वाढल्यावर मात्र तीच गाठीतल्या उपाशी पेशींना जगवते आणि केमोथेरपीचा मारा सोसायलाही मदत करते. म्हणूनच यूएलके-१ ला रोखणाऱ्या रेणूंचा शोध चालू आहे. असा रेणू खरोखर काम करतो का, हे पाहायला परीक्षानळीत शुद्ध आणि क्रियाशील यूएलके-१ लागतं.

ते भारतातल्या संशोधकाला बहुतेक वेळा परदेशातून मागवावं लागतं. काही मायक्रोग्रॅमची कुपी, कोरड्या बर्फात, विमानाने. कस्टममध्ये खोका अडकला आणि बर्फ संपला, तर हाती येतं ते निकामी प्रथिन.

हे परावलंबन नवी मुंबईला शोभत नाही. खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, रबाळ्याला रिलायन्स लाइफ सायन्सेससारखी जैवऔषधं बनवणारी कंपनी आहे, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषध कारखान्यांत मुरलेले तंत्रज्ञ आहेत. रुग्णाला टोचायचं प्रथिन जिथे बनू शकतं, तिथे प्रयोगशाळेत वापरायचं प्रथिन बनवणं अशक्य कसं असेल? अडचण कौशल्याची नाही. मागणी थोडी आणि विखुरलेली असल्याने कुणा एका कंपनीला त्यात नफा दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

अशा ठिकाणी सरकारी पैसा कामी यावा. अ‍ॅक्ट्रेकनेच ते दाखवून दिलं आहे. आयआयटी मुंबईत विकसित झालेली, रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्यांना कर्करोगाशी लढायला लावणारी कार-टी उपचारपद्धती २०२१ मध्ये खारघरलाच पहिल्यांदा रुग्णाला दिली गेली. २०२३ मध्ये तिला औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि परदेशातल्या खर्चाच्या साधारण एक दशांशात ती उपलब्ध झाली. हे उत्पादन देशात व्हावं म्हणून आधी सार्वजनिक संस्थांनी वर्षानुवर्षं खर्च केला होता. त्याच्याही कितीतरी आधी, प्लेगच्या काळात, हाफकिन यांची परळची प्रयोगशाळा लस स्वतः बनवून वाटत होती.

स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातलं सार्वजनिक निधीवरचं संशोधन केंद्र कायनेजं स्वतः बनवतं आणि जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवतं. तसंच एक केंद्र खारघरला उभारता येईल. सुरुवातीला शेकडो प्रथिनांचा हव्यास नको. यूएलके-१, एएमपीके, एमटॉर आणि कर्करोग संशोधकांना वारंवार लागणारी आणखी काही कायनेजं पुरेत. पण प्रत्येक खेपेची शुद्धता आणि क्रियाशीलता मोजून तिचा अहवाल कुपीसोबत द्यायलाच हवा. नाहीतर संशोधक पुन्हा परदेशी कुपीकडेच वळेल, आणि त्यात त्याचं चुकणारही नाही. कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठांतल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना ही प्रथिनं उत्पादनखर्चात मिळावीत आणि औषध कंपन्यांकडून पूर्ण किंमत घ्यावी. जैवतंत्रज्ञान विभाग, अणुऊर्जा विभाग आणि राज्य सरकार यांनी पहिल्या पाच वर्षांचा भार वाटून घेतला, तर केंद्राला आपले ग्राहक जोडायला पुरेसा अवधी मिळेल.