उरलेलं काम आणि आपलं काम

नवरा गेला की आपल्याकडे बाईला लगेच काम नेमून दिलं जातं. ‘आता मुलांकडे बघ’, ‘नातवंडांत मन रमव’. पुरुषाला म्हणतात, ‘ऑफिसला जायला लाग, बरं वाटेल.’ इथे सुरतेत आमच्या ओळखीच्या एका मावशींना महिन्याच्या मिस्साबलिदानानंतर चर्चच्या आवारातच हे सगळं ऐकावं लागलं. बोलणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. पण ‘तुम्हाला काय करावंसं वाटतं?’ हे कुणीच विचारलं नाही.

अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. १९१९मध्ये रेव्हरंड ना. वा. टिळक गेले, तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लिहा-वाचायला टिळकांनीच शिकवलेलं. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या काही अध्यायांवरच थांबलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. त्यातला मोठा भाग त्यांचाच आहे. याचं आपण भरपूर कौतुक करतो. ‘पतीचं अपुरं कार्य’ हे शब्द आपल्याला ऐकायला बरे वाटतात ना!

पण त्यांचं दुसरं पुस्तक बघा. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला १९३४मध्ये, टिळक गेल्यावर पंधरा वर्षांनी. त्यात टिळक जागोजागी आहेत, पण लक्ष्मीबाईंना दिसले तसे. त्यांचा राग आहे, घरात काय शिल्लक आहे ते न बघता देऊन टाकणं आहे, १८९५च्या बाप्तिस्म्यानंतरची ताटातूट आहे. लक्ष्मीबाई त्यांना हसतात, स्वतःलाही हसतात. इथे त्या कुणाचं राहिलेलं काम पुरं करत नाहीत, आपलं काम करतात.

म्हणून मला वाटतं, गेलेल्या माणसाचं काम पुढे नेणं हा चांगला मार्ग आहे, पण तो एकच मार्ग नाही. आणि आपलं काम सापडलं म्हणजे गेलेल्याला विसरलं, असंही नाही. लक्ष्मीबाईंनी तर टिळकांना सोबत घेऊनच लिहिलं.

आपल्यापैकी कुणाच्या घरी आजी, काकू, वडील असे एकटे झाले असतील, तर त्यांना सल्ला देण्याआधी एकदा विचारा. ‘माहीत नाही’ असं उत्तर आलं, तर तेही ऐकून घ्या. आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारा.