चार चाकांची ताकद, पाच टक्क्यांचा कर

राजधानीत हिवाळा उतरला की मोटारींची जात विचारली जाऊ लागते. हवा बिघडते, निर्बंधांचे टप्पे जाहीर होतात आणि कोणते वाहन रस्त्यावर आणावे, कोणते घरी ठेवावे, याचे हिशेब सुरू होतात. त्यातच जुन्या वाहनांच्या प्रश्नाने २०२५ मध्ये अनेक वळणे घेतली. दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना दिल्लीत इंधन न देण्याचा निर्णय १ जुलैपासून लागू झाला आणि काही दिवसांतच स्थगित करावा लागला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा वाहनांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, असा आदेश दिला. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले. या अनिश्चिततेत दिल्लीतील नोकरदार कुटुंब एका निष्कर्षाला येत आहे. नवी गाडी घ्यायचीच असेल, तर ती विजेवरची घ्यावी.

हा निष्कर्ष आता केवळ शहरात फिरणाऱ्या छोट्या गाडीपुरता राहिलेला नाही. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद पुरविणारी विजेवरील मोटार, काही वर्षांपूर्वीपर्यंत श्रीमंतांची चैन होती. किया ईव्ही-६ किंवा व्होल्वो एक्ससी-४० रिचार्ज या २०२२ मध्ये आलेल्या गाड्या पन्नास लाखांच्या पुढच्या. जून २०२५ मध्ये टाटा मोटर्सने हॅरियरची विद्युत आवृत्ती आणली आणि तिच्या चारही चाके चालणाऱ्या प्रकाराची किंमत २८.९९ लाख रुपये जाहीर केली. ही रक्कमही लहान नव्हे. परंतु पती-पत्नी दोघेही सरकारी वा खासगी सेवेत असलेल्या कुटुंबाच्या कर्जाच्या आवाक्यात ती येते. त्यामुळे जो विषय हौशी वाहनप्रेमींचा होता, तो आता करधोरणाचा आणि पर्यायाने राजकारणाचा झाला आहे.

शिमल्याचा हिशेब

अशी गाडी बाळगणे म्हणजे नेमके काय, हे पाहण्यास दिल्ली-शिमला हा मार्ग सोयीचा आहे. राजधानीत स्थिरावलेल्या कुटुंबांची सुटी बहुधा याच दिशेने जाते. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. चढ जवळपास दोन हजार मीटरचा. गाडीतील बॅटरी ७५ किलोवॉट-तासांची, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत ७५ युनिटांची. प्रयोगशाळेतील भारतीय चाचणीनुसार ती एका चार्जिंगमध्ये ६२२ किलोमीटर धावते. प्रत्यक्ष रस्त्यावर ४६० ते ४९० किलोमीटर, असे कंपनीच सांगते. त्यातील खालचा आकडा धरला तर साडेतीनशे किलोमीटरना सुमारे ५७ युनिटे लागतात. प्रवासी व सामानासह गाडीचे वजन अडीच टन मानल्यास ते दोन हजार मीटर वर नेण्यास आणखी साडेतेरा युनिटे खर्ची पडतात. बेरीज सत्तरच्या पुढे जाते. म्हणजे कागदावर शिमला गाठता येते. परंतु जानेवारीची थंडी, गाडीतील हीटर आणि महामार्गावरील वेग यांचा विचार करता वाटेत एकदा थांबणे अटळ ठरते. थांबायचे ते चढ सुरू होण्यापूर्वी, सपाटीवर, हे अशा गाडीच्या मालकाला पहिल्याच फेरीत उमगते.

उतरताना चित्र उलटते. चढताना खर्च झालेल्या ऊर्जेचा काही भाग मोटारी जनित्राप्रमाणे फिरून बॅटरीत परत भरतात आणि घाटात ब्रेक तापण्याचा धोकाही कमी होतो. मात्र डोंगरमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून निघाल्यास परत येणारी वीज साठविण्यास जागाच उरत नाही. उंचीवर विरळ हवेमुळे इंजिनाचा दम जसा घटतो, तसा विद्युत मोटारीचा घटत नाही. मात्र थंडी बॅटरीला मानवत नाही. चारही चाकांना ताकद मिळाल्याने निसरड्या चढावर गाडी घसरत नाही, हे खरे. बर्फावर ती लवकर थांबते, हा मात्र गैरसमज आहे. ते काम टायरचे. रिंग रोडवरून कार्यालयात जाणाऱ्यास तर या रचनेचा उपयोग क्वचितच. ही गाडी घेणारे कुटुंब वर्षातील फार थोड्या दिवसांसाठी दुसरी मोटार कायम बाळगते. तिच्यासाठी दीड लाख रुपये अधिक मोजावे लागतात; कारण त्याच बॅटरीच्या, केवळ मागील चाके चालणाऱ्या वरच्या प्रकाराची किंमत २७.४९ लाख होती. तो दीड लाख मालकाच्या खिशातून जातो. सरकारच्या खिशातून काय जाते, हा पुढचा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न.

सवलत कोणाला?

विजेवरील वाहनांवरील जीएसटी ऑगस्ट २०१९ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून करांची फेररचना झाली, तेव्हा मोठ्या पेट्रोल-डिझेल मोटारींवर ४० टक्के कर लागू झाला. विद्युत वाहनांचा ५ टक्क्यांचा दर कायम राहिला. वीस लाखांवरील विद्युत मोटारींवर अधिक दर आकारावा, असा प्रस्ताव विचाराधीन असल्याची वृत्ते त्या वेळी आली होती. परिषदेने तो मार्ग स्वीकारला नाही.

याचा अर्थ आकड्यांत पाहावा. २८.९९ लाखांच्या गाडीत जीएसटीचा वाटा सुमारे १.३८ लाखांचा. त्याच करपूर्व किमतीवर ४० टक्के आकारणी झाली असती, तर कर ११ लाखांवर गेला असता. फरक सुमारे ९.६६ लाखांचा आहे. आता केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेकडे वळू. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या १०,९०० कोटींच्या या योजनेत विजेवरील दुचाकीला पहिल्या वर्षी कमाल दहा हजार आणि दुसऱ्या वर्षी कमाल पाच हजार रुपयांचे अनुदान ठरले. योजनेतून मोटारींना थेट अनुदान मिळत नाही, असे अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु एका मोठ्या मोटारीमागे सोडला जाणारा कर हा पहिल्या वर्षीच्या ९६ दुचाकींच्या अनुदानाइतका भरतो. याच योजनेत १४,०२८ विद्युत बससाठी ४,३९१ कोटी रुपये राखून ठेवले आहेत. म्हणजे बसमागे सरासरी ३१ लाखांच्या आसपास. अशा सव्वातीन मोटारींवर सोडलेल्या करात एका बसचे अनुदान निघते. अनुदान अर्थसंकल्पात दिसते, त्यावर संसदेत प्रश्न विचारता येतो. करातील सवलत दिसत नाही, म्हणून तिची चर्चाही होत नाही.

अर्थात या हिशेबाला मर्यादा आहेत. ४० टक्के कर असता तर प्रत्येक ग्राहकाने तीच गाडी घेतली असती, असे नव्हे. विद्युत मोटारीची करपूर्व किंमत बॅटरीमुळेच अधिक असते. कर समान केला तर ती डिझेलच्या स्पर्धेत टिकणारच नाही. शिवाय नवे तंत्रज्ञान प्रथम वरच्या थरात रुजते आणि मग स्वस्त होऊन खाली झिरपते, या युक्तिवादातही तथ्य आहे. चारही चाकांची विद्युत मोटार पन्नास लाखांवरून तीस लाखांच्या आत तीन वर्षांत आली, हाच त्याचा दाखला. म्हणून सवलत असू नये, असा निष्कर्ष यातून निघत नाही. ती किती असावी आणि किती काळ असावी, एवढाच प्रश्न उरतो.

त्या प्रश्नाला राज्यांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांवरील विद्युत मोटारींवर १० टक्के आजीवन कर लावला. महाराष्ट्राने मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील विद्युत वाहनांवर ६ टक्के कर सुचविला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो त्याच अधिवेशनात मागे घेतला, आणि पुढे त्या वर्षीच्या धोरणातून अटल सेतूसारख्या मार्गांवर विद्युत मोटारींना पथकरही माफ झाला. जीएसटीतील निम्मा वाटा राज्यांचा असल्याने केंद्राने ठरविलेल्या सवलतीचा भार राज्येही उचलतात. डिझेलच्या विक्रीकराचे उत्पन्न घटते ते वेगळेच. जे कर्नाटकाने केले आणि महाराष्ट्राने टाळले, तो निर्णय आज ना उद्या प्रत्येक राज्याला घ्यावा लागेल.

बदलीचे वाहन

बदलीच्या नोकरीतील अधिकाऱ्यासाठी यात आणखी एक मेख आहे. मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवल्यास नवी नोंदणी करावी लागते. हा जाच टाळण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये भारत मालिकेचे, म्हणजे ‘बीएच’ क्रमांक आणले. त्यात दोन-दोन वर्षांचा कर टप्प्याने भरता येतो. परंतु वीस लाखांवरील वाहनास त्या नियमांत १२ टक्के दर असून विजेच्या वाहनाला सूट मिळते ती केवळ दोन टक्क्यांची. ज्या राज्यात विद्युत वाहनाला रस्ताकर माफ आहे, तेथे स्थानिक क्रमांक घेणारा शेजारी काहीच भरत नाही आणि देशसेवेसाठी फिरणारा अधिकारी मात्र १० टक्के दराने कर भरतो. स्थानिक क्रमांक घ्यावा, तर पुढची बदली कर्नाटकात झाल्यास तेथील कर उभा. एकाच सरकारची दोन धोरणे परस्परांना छेद देतात, त्याचे हे उदाहरण होय.

चार्जिंगचेही तसेच. घरच्या वा कार्यालयाच्या जोडणीवरून वाहन चार्ज करण्यास परवाना लागत नाही, हे ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले. नव्या इमारतींत वीस टक्के वाहनतळांसाठी चार्जिंगची तरतूद असावी, असे आदर्श नियम २०१९ पासून आहेत. प्रश्न जुन्या सरकारी वसाहतींचा आणि नोएडा-गुरुग्रामच्या भाड्याच्या सदनिकांचा आहे. तिसऱ्या मजल्यावरील मीटरपासून खालच्या गाडीपर्यंत तार न्यायची, तर घरमालक, रहिवासी संघ आणि देखभाल विभाग यांची संमती लागते. ती न मिळाल्यास सार्वजनिक केंद्रावर रांग लावावी लागते आणि घरच्या स्वस्त विजेचा मुख्य लाभच हातचा जातो.

चुंबकांचे राजकारण

या गाडीला आणखी एक बाजू आहे, ती परराष्ट्र धोरणाची. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदाधातूंच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली. विद्युत मोटारींतील बहुतेक मोटरना हेच कायमस्वरूपी चुंबक लागतात. दोन मोटर म्हणजे अवलंबित्व दुप्पट, असा तर्क येथे सहज होतो. पण तो सरसकट खरा नाही. हॅरियरच्या पुढील चाकांना बसविलेली मोटर प्रवर्तन प्रकारची, म्हणजे चुंबकाविना चालणारी आहे. चुंबक लागतो तो मागील मोटरला. पर्याय तंत्रज्ञानात आहेत, हे यातून दिसते. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला सहा हजार टन चुंबकनिर्मितीची क्षमता उभारण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. तिची फळे मिळण्यास वर्षे लागतील. तोवर पुण्यात तयार होणाऱ्या गाडीचेही मूळ काही अंशी बीजिंगच्या मर्जीशी बांधलेले राहील. शिवाय देशात निर्माण होणाऱ्या विजेतील सुमारे सात दशांश वाटा अद्याप कोळशाचा आहे. दिल्लीच्या रस्त्यावरून हटणारा धूर काही प्रमाणात सिंगरौली वा चंद्रपूरच्या चिमण्यांतून निघतो, याचे विस्मरण होऊ नये.

तरीही दिशा बदलण्याचे कारण नाही. गरज आहे ती सवलतीला किमतीची पायरी आणि काळाची मर्यादा घालण्याची, भारत मालिकेचा दर राज्यांच्या माफीशी जुळविण्याची आणि सरकारने स्वतःच्या वसाहतींत प्रत्येक इमारतीखाली चार्जिंगची सोय करण्याची. यातील शेवटच्या दोन गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. एक अधिसूचना आणि एक कार्यादेश पुरेसा आहे. वाहनाच्या चारही चाकांना ताकद देणे अभियंत्यांना साधले आहे. केंद्र, राज्य, नगर यंत्रणा आणि वीज मंडळे ही धोरणाची चार चाके मात्र अजून आपापल्या दिशेने फिरत आहेत.