लावणीनंतरचा ताप अंगावर काढू नका

कोकणात पाऊस लागला की चिखलणी आणि मागोमाग लावणी. दिवसभर वाकून, गुडघाभर चिखलात. रात्री पोटऱ्या भरून येतात, कंबर धरते. अशात कणकण आली, तर घरचे म्हणतात, ‘भिजलास, दमलास, दुसरं काय!’ घात होतो तो इथेच. लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराची, सुरुवातही अशीच असते: जोराचा ताप, डोकं ठणकणं, डोळे लाल होणं आणि हात लावू देणार नाहीत इतक्या दुखणाऱ्या पोटऱ्या.

उंदीर-घुशी, गुरं, कुत्री यांच्या मुतातून लेप्टोचे जंतू बाहेर पडतात. कोरड्या, तापलेल्या जमिनीत ते टिकत नाहीत, ओल्या मातीत मात्र आठवडेच्या आठवडे जगतात. बिळांत पाणी शिरलं की उंदीरही बांधावर येतात. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या, टाचेची भेग, विळ्याचा ओरखडा एवढी वाट जंतूंना पुरते. म्हणून जमेल तिथे गमबूट घाला, जखम झाकूनच शेतात उतरा आणि घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन बेचकी कोरडी करा. प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. त्या मनाने घेऊ नका. गरोदर बायांच्या आणि मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

शहरातही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले. लागण झाल्यावर ताप यायला बहुधा ५ ते १४ दिवस लागतात, कधी महिनाही. तोवर चिखल, पाणी सगळं विसरायला झालेलं असतं.

ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुकानातून अंगदुखीची गोळी आणून परत शेतात जाऊ नका. सुरुवातीला साध्या प्रतिजैविकांनी बरा होणारा हा आजार उशीर झाला की मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसांवर जातो. लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागली, तर थेट मोठं रुग्णालय.

लावणीपुरतं गावी येऊन मुंबईला परतणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. तिथल्या डॉक्टरांना तुमचं शेत कुठून ठाऊक असणार? त्यांनी विचारलं नाही तरी सांगा: ‘पंधरा दिवसांपूर्वी मी चिखलात होतो.’