दमणचे चर्च पाहिले तर काय बिघडले?



आपल्या पेठच्या पावसाचे बरेचसे पाणी दमणगंगेत जाते. दिंडोरी तालुक्यात उगम पावून, घाट उतरून ही नदी दमणला समुद्राला मिळते. आपल्यालाही कपराड्यावरून वापी आणि पुढे दमण, असा सरळ रस्ता आहे. तरी दमण म्हटले की घरातले पुरुष हसतात. गुजरातेत दारूबंदी आणि तिथे दुकाने, म्हणून! दुकाने काय, नाशकातही आहेत.

मंडळाची सहल गेली की नानी दमणमधले महावीरस्वामींचे मंदिर, त्यातली जुनी भित्तिचित्रे, मग देवका किनारा आणि परत. चौविहार सांभाळायचा असतो. नदीचा पूल ओलांडून मोटी दमणला फारशी कोणी जात नाही. (नाव मोटी, पण गजबज सगळी नानीत.) पलीकडे कोटाच्या आत सामसूम, झाडांची सावली, रंग उडालेल्या जाड भिंती, उंच खिडक्या. काही इमारतींत सरकारी कचेऱ्या आहेत. पोर्तुगीजांनी दमण १५५९ मध्ये घेतले ते थेट डिसेंबर १९६१ मध्ये सुटले.

या कोटातच बॉम जीझसचे चर्च आहे, १६०३ सालचे. तिथे पाऊल टाकले तर मिथ्यात्वाचा दोष लागतो, असे आपल्यातल्या काही जणी म्हणतात. मला हे पटत नाही. दोष श्रद्धा ढळण्यात आहे, डोळ्यांनी पाहण्यात नाही. आपल्या मंदिरात कोणी परधर्मीय बाई आली, चामड्याची पर्स बाहेर ठेवून गप्प उभी राहिली, तर आपल्याला बरेच वाटते ना?

दुसरा आक्षेप वजनाचा आहे. पोर्तुगीजांनी धर्मासाठी माणसे छळली. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन कायमचे बंद व्हायला १८१२ उजाडले. हे नातवंडांना तिथेच उभे राहून सांगावे, लपवू नये. पण मी कॉमर्सची. नावेची रक्कम मोठी आहे म्हणून जमेची बाजू कोणी खोडत नाही. शिवाय आज तिथे प्रार्थनेला येणाऱ्या बायकांनी कुणाला छळलेले नाही.

कार्तिकी पौर्णिमेनंतर सहल ठरेल तेव्हा देवक्याचा एक तास कमी करा. डबे चारलाच उघडा. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा, मोबाइल पिशवीत ठेवा. आणि मंडळातल्या कुणाला आत जायचे नसेल तर तिला आग्रह करू नका. कोटाच्या दारापासून नदी छान दिसते.